कलावंतांच्या वाड्याचा इतिहास कसा शोधावा

नागपूरच्या महाल या जुन्या भागातील एखाद्या वाड्यात पूर्वी चित्रकार, मूर्तिकार किंवा गवई राहत असत, असे वडीलधारी मंडळी सांगतात, तेव्हा बहुतेक जण मालकाच्या नावापासून शोध सुरू करतात आणि तिथेच अडकतात. कलावंत हा वाड्याचा मालक क्वचितच असे; तो बहुधा बिऱ्हाडकरू असे. म्हणून मालकी आणि वास्तव्य यांच्या दोन वेगळ्या वह्या पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात.

मालकीचे काम त्यामानाने सरळ आहे. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (मिळकतीचा मालकी उतारा) घ्यावी, तीवरील फेरफारांच्या तारखा उतरवाव्यात आणि दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) वरून खरेदीखत, बक्षीसपत्र व वाटणीपत्र यांचा माग काढावा. जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, असल्यास भाडेपट्ट्याचे कागदही पाहावेत. भोसलेकाळातील मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत. एखादे अक्षर अंदाजाने लावले, तर आडनावच बदलून जाते.

खरा जीव आहे तो वास्तव्याच्या वहीत. भाडेपावत्या, लग्नपत्रिका, मतदार याद्या, जुन्या घरकराच्या नोंदींतील भोगवटादाराचे नाव, हे सारे उपयोगी पडते. परंतु माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा म्हणजे पोस्टकार्ड. मजकुराआधी पत्त्याची बाजू पाहावी. शिक्का पुसट असला तरी पत्ता काळ सांगतो: ‘नागपूर, सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) असे असेल तर पत्र बहुधा १९५० पूर्वीचे, ‘मध्य प्रदेश’ असेल तर १९५० ते १९५६ या काळातले, ‘मुंबई राज्य’ असेल तर त्यानंतरच्या चार वर्षांतले आणि ‘महाराष्ट्र’ असेल तर १९६० नंतरचे. लोकांच्या हातातून जुने नाव लगेच सुटत नाही, म्हणून ही तारीख दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावी.

यानंतर भिंतींकडे वळावे. रात्री दिवे मालवून, बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड टाकला, की चुन्याच्या थरांखाली दबलेल्या वेलबुट्टीच्या कडा उठून दिसतात. त्याच उजेडात छायाचित्र घ्यावे. चुना नखानेसुद्धा खरवडू नये. थर एकदा गेला, की त्याखालचा रंगही जातो.

मूर्तिकारांचा माग काढायचा असेल, तर चितार ओळ या मूर्तिकारांच्या वस्तीत जावे, मात्र गणपती, दुर्गा आणि लक्ष्मी यांच्या मूर्तींची घाई संपल्यावर, म्हणजे दिवाळीनंतरच. ज्यांचे हात मातीत आहेत, त्यांना आठवणी विचारणे बरे नव्हे.

घरातील वृद्ध स्त्रियांशी निवांत बोलावे. चित्रकाराचे नाव त्यांना आठवेलच असे नाही. पण माती कोणत्या खोलीत मळत, रंगाचे हात कुठल्या रांजणावर धूत, हे त्या नेमके दाखवतात. ती जागा वाड्याच्या नकाशावर मापासह नोंदवावी आणि शेजारी सांगणाऱ्या बाईंचे नाव, वय व त्या दिवसाची तारीख लिहावी.