कुंभकर्ण मरता मरेना : बाहुलीनाट्यात फुगणारे इफेक्ट करताना या चुका टाळा

आमचा कुंभकर्ण पहिल्या प्रयोगाला मेलाच नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवरचा एक हॉल, समोर तिसरी-चौथीची पोरं. रामाचा बाण लागला, मी हवा भरणारा ब्लोअर बंद केला, ढोलकी थांबली आणि हवेने फुगवलेला चार फुटी कापडी कुंभकर्ण पोट पुढे काढून तसाच उभा. पहिल्या रांगेतून एक जण ओरडला, "जिवंत आहे, परत मारा!" रामाने परत मारलं. तिसऱ्या बाणाला मान कलली, ती थेट माझ्या डोक्यावर.

हवा भरायची कशी, यावर आमचे पंधरा दिवस गेले होते. ती काढायची कशी, हे कुणी विचारलंच नव्हतं. या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच.

कारण साधं आहे. हवा ज्या नळीतून आत येते, तिथूनच ती परत जाते आणि ती नळी असते चार सेंटिमीटरची. कापड हलकं, त्यामुळे वरून हवा रेटणारंही कुणी नाही. उपाय म्हणून बाहुल्याच्या पाठीला, बुडाशी, २० बाय १० सेंटिमीटरचं तोंड ठेवा. नळीचं तोंड साडेबारा चौरस सेंटिमीटर, याचं दोनशे. म्हणजे सोळापट वाट. ते बंद करायला आम्ही आधी वेल्क्रो लावला, पण तो उघडताना असा फर्रकन आवाज करतो की शेवटच्या रांगेला कळतं. आता छोटी चुंबकं शिवून घेतली आहेत. दुसरं म्हणजे आतून डोक्याच्या टोकाला नायलॉनचा दोरा बांधा, तो तळाच्या कडीतून ओवून बाहेर काढा. तोंड उघडलं की दोरा खेचायचा. डोकं आधी आत जातं, मग खांदे, मग पोट. माणूस कोसळावा तसं दिसतं.

खालून दोरी लावलेला फुगा ही कल्पना काही आमची नाही. टोनी सार्ग हे कळसूत्री बाहुल्यांचे कलाकार. न्यूयॉर्कमध्ये मेसीज या मोठ्या दुकानाच्या परेडमध्ये १९२७ साली पहिल्यांदा जे मोठे फुगे आले, ते त्यांनीच आखले होते. कळसूत्रीची दोरी वरून येते, यांची खालून, एवढाच फरक.

पुढची चूक हिशोबाची. दोन मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर जाडीचा नाग म्हणजे सुमारे १४० लिटर हवा. सेकंदाला पाच लिटर देणारा ब्लोअर लावलात, तर तो उभा राहायला २८ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात. मग लोक नाग बारीक करतात आणि तो मधेच वाकतो. तेवढ्याच दाबाला दुप्पट जाडीची नळी आठपट ओझं सोसते, हे लक्षात ठेवा. जाडी कमी करू नका, लांबी कमी करा, नाहीतर ब्लोअर मोठा घ्या.

ब्लोअर म्हणजे गोगलगाईच्या आकाराचा, बाजूने हवा फेकणारा. कॉम्प्युटरचा चपटा पंखा मोकळ्यावर भरपूर वारा देतो, पण पिशवी भरत आली की त्याचा जोर संपतो. ब्लोअर घुमतो, म्हणून तो फोमवर ठेवून दीड मीटर पाइपाने लांब न्या. बारा व्होल्टचा असेल तर मोटारसायकलची बॅटरी पुरते. शाळेत प्लग नेहमी चुकीच्या भिंतीला असतो. आणि ब्लोअरच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर तळहात ठेवून काढा, ठेवून काढा. असं केलं की कुंभकर्णाचं पोट घोरताना खालीवर होतं.

हेअर ड्रायर मात्र नको. वाट कोंडली की तो तापून बंद पडतो, पिशवी वितळते ती वेगळीच. जत्रेत मिळणारे हायड्रोजनचे फुगे तर अजिबात नकोत, ते पेट घेतात.

कापडाच्या दुकानात 'पॅराशूट कापड' मागा. सुईच्या भोकांतून थोडी हवा जाणारच. ब्लोअर सतत चालू असेल तर त्याची फिकीर नको. ऑइल पेंट देऊ नका, घडीवर तडकतो. आम्ही पहिला राक्षस कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा केला होता. एप्रिलमधल्या इथल्या कोरड्या हवेत त्या एकमेकींना अशा चिकटल्या की फुगायलाच तयार नव्हत्या. आत टाल्कम पावडर भुरभुरवली, तेव्हा सुटल्या.

छोट्या गोष्टीला ब्लोअर लागतही नाही. नाशिकमध्ये शूर्पणखेचं नाक टाळून रामायण करता येत नाही. तिच्या नाकावरूनच गावाला नाव पडलं असं सांगतात. आमचं नाक एक लिटरच्या मऊ प्लास्टिक बाटलीवर चालतं. नळी जोडली, बाटली दाबली की नाक फुगतं, सोडली की बाटली स्वतःच हवा परत ओढून घेते. लक्ष्मणाने तलवार फिरवली की नाक गायब, दोरा नाही, चुंबक नाही. जाताना-येताना बाटली पिशवीत चेपू देऊ नका. एकदा सुरकुती पडली की ती मऊपणे परत उघडत नाही आणि नाक अर्धंच राहतं.