चहातले गुण हवेत? मग या चुका टाळा

चहाच्या पानात कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. काळा चहा तयार होताना त्यातल्या बऱ्याचशांचं थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन होतं. कोऱ्या चहाचा तांबूस रंग त्यांचाच. अँटिऑक्सिडंट म्हणून ही द्रव्यं नावाजलेली. पण पोटात लोह भेटलं की ती त्याला धरून बसतात, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

चहा-पोळी हा आपल्याकडे घरोघरचा नाश्ता. पोळी, डाळ, पालेभाजीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. वर चहा प्यायला की आणखी कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कारणं अनेक आहेत, पण चहाची वेळ बदलणं आपल्या हातात आहे. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको, असं राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते. गरोदर बाई लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेत असेल, तर घरच्यांनी तिला थांबवायलाच हवं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं.

छोल्यांना काळा रंग यावा म्हणून शिजवताना चहाची पुरचुंडी टाकतात. इथेही तेच घडतं. पुरचुंडी वेळेवर काढा आणि वाढताना लिंबू सढळ हाताने पिळा.

ग्रीन टी कडूजहर होतो? पाणी उकळतं असतं म्हणून. गॅस बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, मग पानं टाका, दोन-तीन मिनिटांत गाळा. दूध नको; त्यातलं केसीन हे प्रथिन कॅटेचिनला धरतं.

माचाचा, म्हणजे ग्रीन टीच्या बारीक पुडीचा, केक हिरवा न होता तपकिरी होत असेल, तर खाण्याचा सोडा तपासा. अल्कधर्मी मिश्रणात कॅटेचिन टिकत नाहीत, रंगही जातो. सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरा, किंवा माचा श्रीखंडात घाला. तिथे आंबटपणा असतो आणि आच लागत नाही.

वजन उतरवायला ग्रीन टी अर्काच्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. कपभर चहा वेगळा आणि अर्क वेगळा. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य कॅटेचिन) पूरक गोळ्यांतून गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर त्या लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा, आणि जाताना डबी बरोबर न्या.