कर्नाटक पासिंगचा ट्रॅक्टर घेताय? ट्रॉलीचे कागद वेगळे मागा

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आरगपासून कर्नाटकची हद्द जवळच, त्यामुळे जुना ट्रॅक्टर म्हटलं की लोक अथणी-जमखंडीकडंच बघतात. आम्हीही जमखंडीचा घेतला, ट्रॉलीसकट. घरातले कागद मी सांभाळते, म्हणून एमएच १० म्हणजे सांगलीचं पासिंग होईपर्यंतचे सगळे हेलपाटे मीच घातले.

पहिलं हे पक्कं करा: कायद्यानं ट्रॉली हे वेगळं वाहन आहे. इंजिन नसलं तरी तिचा नंबर वेगळा, आरसी (नोंदणीचा दाखला) वेगळी, चॅसी नंबर वेगळा. आम्ही ट्रॅक्टरची एनओसी (गाडी दुसरीकडं न्यायला आरटीओचा ना-हरकत दाखला) घेऊन खुशीत घरी आलो आणि ट्रॉलीसाठी पुन्हा जमखंडी गाठावी लागली. मालक म्हणत होता, "ट्रॉलीला कशाला कागद?" असं कुणी म्हणालं तर विसारच देऊ नका.

परिवहनच्या साइटवर दोन्ही नंबर टाकून बघा. ट्रॅक्टरची आरसी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मालकाकडून घ्या, तोवर थोडी रक्कम हातात ठेवा.

एनओसी म्हणजे फॉर्म २८. गाडीची नोंद जिथं आहे त्याच आरटीओत, मालकाच्या अर्जावर मिळते. ती कुठल्या कार्यालयासाठी आहे हे त्यावर असतं, तिथं सांगलीच आहे ना ते वाचून घ्या. नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या त्याच फेरीत उरका.

फॉर्मवर चॅसी नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा लागतो. ट्रॅक्टरचा पाच मिनिटांत निघाला, ट्रॉलीचा नंबरच सापडेना. हुकामागच्या लोखंडावर रंगाचे थर, वर वंगणात बसलेली पाचटाची धूळ. भाऊजींनी डिझेलचा बोळा लावून तारेच्या ब्रशनं हळूहळू घासलं. लाल रंगाखाली निळा निघाला, निळ्याखाली आकडे. इथं ग्राइंडर अजिबात लावू नका. आकडा झिजला की खाडाखोडीचा संशय येतो आणि मग गाडी तुमची असूनही तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवली. मी आरसी हातात घेऊन एकेक अक्षर वाचत गेले, सगळं जुळलं तेव्हा जिवात जीव आला.

सांगलीत एनओसी, मूळ आरसी, विमा, पत्त्याचा पुरावा आणि नव्या नंबरासाठी फॉर्म २७ लागतो. दोन वाहनं, दोन फायली. तपासणीला ट्रॅक्टर-ट्रॉली दोन्ही न्या. नव्या नंबरासाठी कायद्यात १२ महिने दिलेत, पण नाव ट्रान्सफरचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, म्हणून दोन्ही कामं एकदमच करा.

विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस असतात. पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आहे का बघा, आणि कारखान्याला भाड्यानं ऊस वाहणार असाल तर पॉलिसी काढतानाच तसं सांगा. आमच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेखच नव्हता. एजंटासमोर बसून मी तो नंबर घालून घेतला, आणि मगच भाऊजींना पहिली खेप भरू दिली.