पॅकेजमधे आहे म्हणून पीएसए करू नका, आधी एवढं ठरवा

आमच्या मामांनी साठीनंतर फुल बॉडी चेकअप केलं, पॅकेजमधे पीएसए (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत कॅन्सरची शंका तपासायची रक्ताची टेस्ट) होतीच, रिपोर्टमधे आकडा 5.8 आणि शेजारी ठळक एच, म्हणजे हाय. त्या रात्री मामी झोपल्या नाहीत आणि मामा मोबाईलवर वाचून वाचून पार मृत्युपत्रापर्यंत पोचले. नंतर कळलं की त्या आठवड्यात त्यांना लघवीला जळजळ होत होती, इन्फेक्शन होतं, औषध झाल्यावर दीड महिन्यानी परत केली तर 2.1.

तर पहिली गोष्ट, आपण बोलतोय ते काहीच त्रास नसताना केलेल्या टेस्टबद्दल. लघवीतून रक्त, लघवी अडकणं, कंबरेची हाडं सतत दुखणं असं काही असेल तर हे वाचत बसू नका, सरळ युरॉलॉजिस्ट गाठा.

आता हिशोब. 2018 मधे अमेरिकेच्या टास्क फोर्सनी (कुठल्या तपासण्या कराव्यात ते सांगणारा तज्ज्ञांचा गट) युरोप-अमेरिकेतल्या ट्रायल्सवरून मांडलेले अंदाज असे, की 55 ते 69 वयाच्या 1000 पुरुषांना 13 वर्षं स्क्रीनिंग दिलं, म्हणजे त्रास नसतानाही ही टेस्ट करत राहिलं, तर साधारण 240 जणांची टेस्ट कधीतरी वाढलेली येते, बायोप्सीत (सुईनी प्रोस्टेटचे तुकडे काढून तपासणं) 100 जणांना कॅन्सर निघतो, त्यातले 80 जण ऑपरेशन नाहीतर रेडिएशन घेतात, मग 50 जणांना लैंगिक अडचण आणि 15 जणांची लघवी गळत राहते. आणि वाचतात किती? मरणापासून एक, फारतर दोन, कॅन्सर पसरण्यापासून तीन. पाच जण स्क्रीनिंग करूनही या कॅन्सरनीच जातात. तो एक जण आपले बाबा असतील तर हिशोब बदलतो हेही खरंच, म्हणून त्याच टास्क फोर्सनी या वयात ज्याचं त्यानी डॉक्टरशी बोलून ठरवावं म्हटलंय आणि सत्तरीनंतर नकोच म्हटलंय. वडलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो, त्यांनी हा विषय लवकर काढावा.

माझ्या मते खरा प्रश्न रक्त द्यायच्या आधीच स्वतःला विचारायचा: हळू वाढणारा छोटा कॅन्सर निघाला आणि डॉक्टर म्हणाले की आत्ता काही करायचं नाही, फक्त लक्ष ठेवू, तर तुम्हाला झोप लागेल का? कारण ब्रिटनच्या प्रोटेक्ट ट्रायलमधे ऑपरेशन, रेडिएशन, नुसतं लक्ष ठेवणं, तिन्ही गटांत 15 वर्षांत या कॅन्सरनी गेलेले साधारण 3 टक्केच होते (लक्ष ठेवलेल्यांत तो पसरला मात्र जास्त). ज्यांना "काढून टाका एकदाचं" असंच वाटतं त्यांना या टेस्टचा त्रास जास्त होणार.

करायची ठरलीच तर आधीचे दोन दिवस सायकल आणि संबंध टाळा, लघवीचं इन्फेक्शन असेल तर महिना-दीड महिना थांबा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटवरची औषधं) चालू असेल तर नक्की सांगा, त्यानी आकडा जवळपास निम्मा दिसतो. वाढलेला आला तर घाबरून बायोप्सीला पळायचं नाही, परत टेस्ट, मग एमआरआय, मग गरज असेल तर सुई.

आणि पीएसए वगळून बाकीचं करा असं लॅबवाल्याला सांगता येतं. पैसे कमी करत नाहीत ती गोष्ट वेगळी.