कयाकला पहिलं भोक पाडण्याआधी

मासेमारीची साधी सिट-ऑन-टॉप कयाक, म्हणजे वर बसून वल्हवायची अरुंद होडी, आतून पोकळ आणि सगळीकडून बंद असते. ती बहुतेक वेळा पॉलिइथिलिनची असते, भिंत साधारण ३ ते ६ मिमी जाडीची, आणि ही जाडी सगळीकडे सारखी नसते. या प्लास्टिकला बहुतेक गोंद नीट धरत नाहीत. त्यामुळे ‘भोक पाडून भरपूर सीलंट लावलं की रॉड होल्डर बसेल’ हा नवख्यांचा हिशोब चुकतो. सीलंटचं काम पाणी अडवणं एवढंच. ओढ, धक्का, रॉडचा (गळाच्या काठीचा) झटका हे सगळं नट-बोल्ट आणि त्यामागच्या रुंद वॉशरने पेलायला हवं.

म्हणून सुरुवात ड्रिलने करू नका, मास्किंग टेपने करा. कयाक गवतावर ठेवून, लाइफ जॅकेट घालून सीटवर बसा. रॉड होल्डर, फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणारं यंत्र), पक्कडीची जागा असं जे जे लावायचं आहे तिथे टेप चिकटवा आणि डोळे मिटून हात न्या. मग वल्हं घेऊन दोन्ही बाजूंना पूर्ण ताकदीने हवेत वल्हवा. पुढच्या होल्डरला बोटांची पेरं आपटतात ती इथेच कळतात. टेप तशीच ठेवून काही फेऱ्या पाण्यात मारा, दर वेळी एखादी जागा बदलते. जे काम क्रेटवर (सीटमागच्या सामानाच्या खोक्यावर), सीटच्या पट्ट्यावर किंवा कंपनीने प्लास्टिकमध्ये आधीच बसवून दिलेल्या नट-इन्सर्टवर भागतं, त्यासाठी डेकला (कयाकच्या वरच्या पृष्ठभागाला) भोक पाडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

भोक पाडायचंच असेल तर पहिला प्रश्न असा: आतून हात पोहोचतो का? हॅचमधून (डेकवरच्या झाकणाच्या तोंडातून) हात आणि टॉर्च घालून बघा. हात पोहोचत असेल तर दुसरा विचार नको. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉन लॉकनट हीच सगळ्यांत भरवशाची जोडणी. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ ग्रेड घ्या. ३०४ला लवकर गंजाचे डाग पडतात. जास्त ओढ बसणाऱ्या जागी वॉशरऐवजी आतून पट्टी द्या. पॉलिइथिलिनचा चॉपिंग बोर्ड कापून चांगली पट्टी होते. हात पोहोचत नसेल तर वेल-नट वापरा, म्हणजे रबराच्या बुशात बसवलेला पितळी नट. बोल्ट आवळला की रबर आतल्या बाजूने फुगतं आणि भोक बंद होतं. एम५च्या वेल-नटला साधारण १० मिमीचं भोक लागतं, पण पाकिटावरचं माप प्रमाण माना. तिसरा पर्याय आत गेल्यावर तीन पाकळ्यांत उमलणारा अ‍ॅल्युमिनिअमचा रिवेट. ४.८ मिमीच्या रिवेटला ५ मिमीचं भोक पुरतं. बाजारातला साधा पॉप रिवेट इथे चालत नाही, त्याचं डोकं आतून एवढंसं पसरतं आणि पातळ प्लास्टिकमधून ओढला जाऊन बाहेर येतो. थेट प्लास्टिकमध्ये पिळलेले स्क्रू फक्त हलक्या पट्ट्या-कड्यांसाठी ठीक, रॉड होल्डरला अजिबात नको.

ड्रिल मंद गतीने चालवा. वेग वाढला की प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि भोक वेडंवाकडं होतं. आधी ३ मिमीचं छोटं भोक, मग हव्या मापाचं. मोठ्या भोकाला पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारं स्टेप बिट उत्तम. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर डेकमधून थेट खालच्या तळापर्यंत जाल. काठावरची तूस चाकूने काढा, स्पिरिटने पुसा, वॉशरखाली आणि भोकाभोवती सीलंटचा वळसा द्या. बोल्ट बोटाने घट्ट होईल तेवढाच फिरवा, सीलंट सुकल्यावर पाऊण फेरा आणखी. सुरुवातीलाच पूर्ण आवळला तर सगळं सीलंट बाहेर पिळून निघतं आणि मध्ये काहीच उरत नाही. स्कपरच्या, म्हणजे डेकवरचं पाणी खाली सोडणाऱ्या, नळ्यांत किंवा त्यांच्या काठावर भोक कधीच नको. तिथे आधीच ताण असतो, तडा गेला तर तो थेट पाण्यात उघडतो.

लांब गिअर ट्रॅक (सामान सरकवून अडकवायची अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी) बसवताना आणखी एक अडचण येते. उन्हात पॉलिइथिलिन अ‍ॅल्युमिनिअमच्या कित्येक पट प्रसरण पावतं. ४० सेंमीच्या ट्रॅकखालचं प्लास्टिक ३० अंशांनी तापलं तर ट्रॅकपेक्षा साधारण दीड मिमी जास्त वाढतं. सगळी भोकं तंतोतंत असतील तर कडेचे बोल्ट प्लास्टिकला तिरपं ओढतात आणि एका मोसमात तिथून पाणी झिरपायला लागतं. मधलं भोक नेमक्या मापाचं ठेवा, टोकाकडची १ मिमी सैल आणि वर रुंद वॉशर. त्यापेक्षा २० सेंमीचे दोन ट्रॅक वेगवेगळे लावणं अधिक सोपं.

रॉड होल्डर सीटच्या मागे, हात वळवून सहज पोहोचेल इतक्या अंतरावर, थोडे बाहेर झुकलेले असावेत. क्रेटला पीव्हीसी पाइपचे तुकडे झिप-टायने बांधून केलेले होल्डर स्वस्त आणि पुरेसे. पाइपच्या वरच्या काठाला रीलचा दांडा बसेल अशी खाच कापा, कड घासून घ्या. क्रेट खालून बंजीने (ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीने) बांधलेला असलाच पाहिजे. कलंडल्यावर सगळ्यांत आधी तोच तरंगत निघून जातो.

खरा विचार लागतो तो अँकर ट्रॉलीला. नांगर कयाकच्या मधोमध, कुशीला बांधला आणि प्रवाह जोराचा असला तर दोरी ती बाजू खाली खेचते, पाणी आडवं आदळतं आणि कयाक उलटते. ओढ नेहमी टोकाकडून हवी, पण बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात जात नाही. म्हणून पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ एकेक पुली लावून त्यातून दोरीचं वेढं फिरवायचं, वेढ्यात एक स्टेनलेस रिंग. रिंग हाताशी आणा, नांगराची दोरी तिच्यातून घाला, मग वेढं ओढून रिंग टोकाला न्या आणि वेढ्याची दोरी क्लीटमध्ये (दोरी धरून ठेवणाऱ्या खटक्यात) अडकवा. ३.५ मीटरच्या कयाकला ५ मिमीची सुमारे ७ मीटर दोरी पुरते. पॉलिएस्टरची घ्या, नायलॉन भिजलं की सैलावतं. वेढ्यात ३० सेंमीचा बंजीचा तुकडा घातला तर ताण कायम राहतो आणि दोरी वल्ह्यात येत नाही.

नांगर दीड किलोचा घडीचा पुरतो, पण दोरी पुरेशी सोडायला हवी. ५ मीटर खोलीला निदान १५ मीटर, वारा असेल तर २५ किंवा जास्त. कमी सोडली की नांगर तळ धरण्याऐवजी उचलला जातो. दोरी रिंगला गाठ मारून बांधू नका; रिंगमधून काढून हाताजवळच्या क्लीटला अडकवा, म्हणजे मोठी बोट अंगावर आली तर एका झटक्यात सोडता येते. नांगर नंतर सापडावा म्हणून फ्लोट हवा, पण तो रिंगच्या पलीकडे, नांगराच्या बाजूच्या दोरीवर बांधा. मोकळ्या टोकाला बांधलेला फ्लोट रिंगमध्ये अडकतो आणि ऐनवेळी काहीच सुटत नाही. खडकाळ तळावर नांगर रुतून बसतो. त्यावर उपाय असा: साखळी नांगराच्या खालच्या टोकाला बांधा आणि दांड्यावरून आणून वरच्या कड्याला एका बारीक झिप-टायने धरा. जोराने ओढलं की टाय तुटतो आणि नांगर उलट्या बाजूने निघतो. लाइफ जॅकेटवर चाकू हवाच. जितक्या दोऱ्या आणि लीश (सामान कयाकला बांधून ठेवायचे दोर), तितकं गुंतायला जास्त.

फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा आणि टिपणारा भाग) हलच्या, म्हणजे कयाकच्या धडाच्या, आतून बसवता येतो, तळाला भोक न पाडता. त्याचा ध्वनी पॉलिइथिलिनमधून जातो, मध्ये हवेचा थर असला तर अडतो. सीलंटमध्ये एक बुडबुडा राहिला तरी पडदा कोरा. आधी तळाला पेट्रोलियम जेली फासून ट्रान्सड्यूसर टेकवून पाण्यात बघा, चित्र स्वच्छ आलं तरच पक्का चिकटवा. तापमान मात्र हलच्या आतलं दिसेल, आणि साइड-स्कॅनचा (दोन्ही बाजूंचा तळ दाखवणारा) ट्रान्सड्यूसर बाहेर पाण्यातच लागतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन किलोच्या वर भरते आणि तिच्यातली निम्मीच क्षमता वापरणं शहाणपणाचं. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी किलोच्या आसपास. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लागून, माप यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, साध्या तांब्याची आतल्या आत काळी पडत जाते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी बंद डब्यात चार्ज करू नका, हायड्रोजन साठतो.

वजनाची बेरीज कागदावर करा. कंपनीने १५० किलो क्षमता लिहिली असेल तर तुम्ही आणि सामान मिळून १०० किलोच्या आत राहा. हलमध्ये पुढे-मागे पूल नूडल (पोहताना वापरायच्या फोमच्या लांब नळ्या) कोंबा. ६ सेंमी व्यासाचा, दीड मीटरचा नूडल साडेतीन किलोच्या आसपास उचल देतो. दहा नूडल असले तर एखादं सील गेलं तरी कयाक बुडत नाही.

सगळं बसवल्यावर प्रत्येक बोल्टभोवती साबणाचं पाणी लावा आणि ड्रेन प्लगच्या भोकातून नळीने तोंडाने फुंका. बुडबुडे आले की गळती तिथे. कंप्रेसर लावू नका, हल फुगून चांगल्या जोडण्याही उघडतात.

जागा चुकलेलं छोटं भोक दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घातलेल्या बोल्टने बंद होतं. मोठं असेल तर प्लास्टिक वेल्डिंग. त्यासाठी होल-सॉने (मोठं गोल भोक कापणाऱ्या करवतीने) कापून निघालेल्या चकत्या फेकू नका. त्यांच्या पट्ट्या कापल्या की त्याच कयाकच्या प्लास्टिकची वेल्डिंगची कांडी होते, बाहेरून आणलेली कांडी कधी जुळते, कधी नाही. कयाक क्रॉसलिंक पॉलिइथिलिनची असेल तर मात्र ही वाट बंद: ते वितळून एकजीव होत नाही, तिथे पट्टी, रबर आणि बोल्टच लावावे लागतात.