गाडीची बोलणी पितृपक्षात करा, दसऱ्याला घरी आणा

आपल्याकडे गाडी घ्यायला लोक कधी जाणार तर पाडवा, दसरा, धनत्रयोदशी, म्हणजे शोरूमला पाय ठेवायला जागा नसते आणि सेल्सवाल्याला तुमची काही पडलेली नसते, तुम्ही नाही तर मागे दहाजण उभे आहेत. पितृपक्षात तेच शोरूम ओस पडलेलं असतं आणि महिन्याचं टार्गेट मात्र त्यांच्या बोकांडी असतंच. तेव्हा जायचं. घरचे म्हणतील पक्षात नवीन काही नको, तर नकोच, नुसती बोलणी करा, रेट लेखी घ्या, गाडी दसऱ्याला आणा.

आता बोलणी कशावर करायची. बहुतेक लोक जाऊन विचारतात "डिस्काउंट किती देणार?" आणि इथेच फसतात, कारण इकडे पंधरा हजार सोडून तिकडे पंचवीस हजार लावता येतात. मी मेव्हण्याबरोबर गेलो होतो सांगलीत, तर तिथल्या सेल्सच्या पोराने तोंडी एकच आकडा सांगितला, ऑन रोड अमुक. मी म्हटलं एक एक ओळ लिहून दे. लिहून आणल्यावर त्यात हँडलिंग चार्जेस साडेआठ हजार, आणि "एसेन्शियल किट" म्हणून अठरा हजार, त्यात मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि परफ्यूमची बाटली! मेव्हणा म्हणाला "दाजी, परफ्यूम तरी राहू दे." हँडलिंगवर सरळ काट मारली, ते द्यायचंच नसतं, गाडी यार्डातून शोरूमला आणायचा खर्च डीलरचा. दोनदा मॅनेजरला विचारून आला तो, तिसऱ्यांदा मॅनेजर स्वतः आला आणि निघाले ते पैसे. किट पण गेलं, मॅट आणि कव्हर बाहेरून घेतलं.

आरटीओ टॅक्सवर घासाघीस करू नका, तो सरकारचा आहे, आपल्या महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, पुढे 20 लाखांपर्यंत 12. फक्त गुणाकार स्वतः करून बघा. 10 लाखांच्या वरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस (डीलर तुमच्या नावाने आगाऊ घेतो तो आयकर) लागतो तो रिटर्न भरताना वळता होतो, त्यामुळे त्याचा कागद नीट ठेवा.

खरी मलई इन्शुरन्समध्ये असते. त्यात दोन भाग, थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर) आणि ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं झालं तर). नवीन कारला थर्ड पार्टी एकदम 3 वर्षांचा घ्यावाच लागतो आणि त्याचा दर सरकार ठरवतं (1000 ते 1500 सीसीला 2022 मध्ये 10,640 ठरला, वर जीएसटी), म्हणजे तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो ओन डॅमेज आणि झिरो डेपमध्ये (झिरो डेप म्हणजे पार्टची झीज न कापता भरपाई). जायच्या आधी दोन कंपन्यांचे कोट ऑनलाइन काढा, पण आयडीव्ही (गाडी चोरीला गेली तर मिळायची रक्कम) आणि अॅड-ऑन (वरची जादा कव्हर) सारखे धरा, नाहीतर आंबा आणि फणसाची तुलना होते. "बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही" असं हमखास सांगतात, म्हणजे दुरुस्तीचे पैसे आधी खिशातून भरावे लागतील. कॅशलेस हे त्या इन्शुरन्स कंपनीचा वर्कशॉपशी टायअप आहे का यावर असतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. बाहेरचा कोट मोबाईलवर दाखवला की बऱ्याचदा तेच खाली येतात, मग तिथेच घ्या, काय बिघडलं.

लोनचं बोलणं शेवटी काढा. "सर, महिन्याला किती बसेल तुम्हाला?" हा प्रश्न आला की सावध व्हा. 8 लाख 9 टक्क्याने 5 वर्षांना घेतले तर हप्ता साधारण 16,600, 7 वर्षांना 12,870, ऐकायला हलका वाटतो पण एकूण 85 हजार जास्त जातात.

आणि हो, एकाच कंपनीच्या दोन डीलरकडे जा, सांगलीवाल्याने कोल्हापूरला जावं, कोल्हापूरवाल्याने सांगलीला, आणि कोटेशन व्हॉट्सअॅपवर मागा. डिसेंबरात मागच्या बॅचचा स्टॉक काढायला मोठी सूट देतात, पण आरसीवर बनल्याचा महिना-वर्ष छापून येतं आणि विकताना तेच बघतात. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर बिनधास्त घ्या, तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर नको.

पूर्ण पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन गाडी दिवसा उजेडात बघा, रात्री लाइटखाली ओरखडे दिसत नाहीत. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, 1425 म्हणजे 2025 चा चौदावा आठवडा. चासी नंबरचा फोटो काढा आणि इनव्हॉइसवर तोच आला का ते ताडून बघा, रजिस्ट्रेशन झाल्यावर गाडी बदलून मागायला गेलात तर कुणी दारात उभं करत नाही.