जुन्या गाडीत स्विच, रिले किंवा कॉइल तापतेय? या चुका टाळा

डॅशबोर्डमधून जळक्या प्लास्टिकचा वास येतोय, हेडलाइटच्या स्विचला हात लावला तर चटका बसतो आणि फ्यूज मात्र शाबूत. मग ‘फ्यूज उडाला नाही ना, म्हणजे विशेष काही नाही’ असं म्हणून गाडी तशीच चालवली जाते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

फ्यूजला करंट कळतो, दुसरीकडे कुठे काय तापतंय ते कळत नाही. टर्मिनल सैल झालं किंवा त्यावर गंज चढला की तिथला रोध वाढतो. त्यानं करंट वाढत नाही, उलट थोडा घटतो. मग फ्यूज उडणार कशानं? साधा हिशोब करा. 10 अँपिअर करंट आणि सांध्यात फक्त 0.1 ओहम रोध असेल, तर करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 10 वॅट उष्णता. एवढ्याशा कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये) ती सतत साठत राहिली की प्लास्टिक मऊ पडतं, टर्मिनलचा ताण जातो, पकड आणखी ढिली होते आणि रोध अजून वाढतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालणं ही दुसरी घातक चूक. फ्यूज वायरच्या जाडीनुसार ठरवलेला असतो. 15 च्या जागी 30 बसवलात तर जळायची पाळी वायरवर येते.

तिसरी चूक म्हणजे जे तापलं तेच बदलणं. रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) काढून नीट बघा. एकाच पायाभोवती (पिनभोवती) प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर आधी खालच्या सॉकेटमधली पकड तपासा. ती ढिली असेल तर नवा रिलेही तसाच जळेल. रिले नुसता कोमट लागला तर मात्र घाबरू नका, त्याची आतली कॉइल चालू असताना थोडी तापतेच.

आता मोजमाप. गाडी बंद ठेवून मल्टीमीटरवर ओहम मोजण्यात फारसा अर्थ नाही. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, त्यामुळे वायरची एकच तार शिल्लक असली तरी आकडा जवळपास शून्य दिसतो. लोड, म्हणजे दिवा किंवा ब्लोअर, चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट कमी होतात, ते मोजा. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा दिव्याच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर दुसरा प्रोब एकेक सांधा मागे आणत जा. जो सांधा ओलांडल्यावर आकडा एकदम घसरतो, दोष त्यातच. हीच तपासणी अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीच्या बाजूनंही करा. बॉडीला कसलेल्या लगखालचा (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा) गंज बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पॉइंटवाल्या गाडीत (जिथे इग्निशन कॉइलचा करंट यांत्रिक संपर्क चालू-बंद करतात) इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर 3 ओहमच्या इग्निशन कॉइलमधून सतत 4 अँपिअर वाहतात, म्हणजे जवळपास 48 वॅट. बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलचा करंट कमी ठेवणाऱ्या रोधासोबत) चालणारी 1.5 ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली, तर ते दुप्पट होतं. बॅलास्ट स्वतः मात्र तापणारच, तो दोष नव्हे.

हेडलाइटमध्ये 55/60 वॅटच्या जागी 100 वॅटचे बल्ब बसवले असतील तर आधी ते काढा. अशा दोन बल्बना 16 अँपिअरहून जास्त करंट लागतो आणि जुन्या स्विचला तो झेपत नाही. जास्त उजेड हवाच असेल तर रिले आणि जाड वायर वेगळी ओढा. ब्लोअरचा कपलर तापत असेल तर मोटर हातानं फिरवून बघा. जड फिरत असेल तर करंट तीच जास्त ओढतेय.

काळी पडलेली तांब्याची तार पिळून वर टेप गुंडाळू नका. लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा आणि नवं टर्मिनल नीट क्रिंप करा, म्हणजे पकडीनं तारेवर घट्ट दाबून बसवा. त्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवायला विसरू नका. काम झाल्यावर तोच लोड वीस मिनिटं चालू ठेवा आणि ड्रॉप पुन्हा मोजा.